गोदामातलं मैदान

भिवंडीची थंडी ती काय! स्वेटर कपाटातून निघतात, दोन दिवस उन्हात पडतात, एकदा अंगाला लागतात आणि संक्रांत झाली की परत कपाटात जातात. पण येते खरी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते, एखाद्या सकाळी बादलीतलं पाणी हाताला चटकन गार लागतं, आणि त्याच आठवड्यात कार्यालयातून तो कागद येतो. तालुकास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धा, संघांची नावे पाठवावीत. शिपाई वही पुढे करतो आणि मी सही करते. पी.टी.ची बाई म्हणून अशा किती सह्या झाल्या असतील. तरी दरवर्षी सही करताना माझा हात थोडा थांबतो. शिपायाला वाटतं, बाईंचा चष्मा घरी राहिला.

संघ पाठवायचा तर मुलं सराव कुठे करणार, हे मी आता विचारतही नाही. अंगणात पेव्हर ब्लॉक बसलेत, लाल आणि करडे, वर मुख्याध्यापकांनी हौसेनं ठेवलेल्या कुंड्या. पी.टी.च्या तासाला मी मुलांना जागच्या जागी उभं करते. हात वर, हात खाली, कमरेत वाका. सातवीतली मुलं वाकतात तेव्हा अर्ध्यांची बोटं गुडघ्याखाली जात नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत धापा टाकतात. बारा वर्षांच्या मुलांच्या धापा ऐकताना मला लाज वाटते, जणू मीच त्यांच्या छातीतून काहीतरी काढून घेतलं. परवा एकानं विचारलं, "मॅडम, घाम येतोय, बसू का?" मी म्हटलं, बस. पूर्वी मी असं म्हणणारी बाई नव्हते, आणि तिथेच सगळं बिघडलं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आमची शाळा वळ गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. शाळेला स्वतःचं मैदान तेव्हाही नव्हतं, पण त्याची उणीव कुणाला जाणवत नव्हती. कुंपणापलीकडे भाताची खाचरं होती. पावसाळाभर ती भाताची आणि कापणी झाली की आमची. वर्गात गणित चालू असताना खिडकीतून कापलेल्या पेंढ्याचा वास यायचा आणि मुलींचे पाय बाकाखाली हलायला लागायचे. गणिताच्या बाई माझ्याकडे तक्रार करायच्या, तुमच्या त्या खो-खोनं माझ्या पोरी बिघडल्या म्हणून. मला ती तक्रार ऐकायला फार आवडायची.

अगदी लागून असलेलं खाचर बाळारामदादांचं. कापणीनंतर ते त्यात खळं करायचे. धसकटं खणून काढायची, पाणी मारायचं, माती ओली असतानाच घरच्या सगळ्यांनी मिळून लाकडी चोपण्यांनी चोपायची आणि वरून शेणानं सारवायचं. भात झोडून झाला, पेंढा रचून झाला की दादा कुंपणाशी येऊन हाक मारायचे, "बाई, खला मोकला झाला. आना तुमच्या पोरी." त्या गावांतली ती रीतच होती. झोडणी संपली की खळं पोरांचं. मग पुढच्या पावसापर्यंत कबड्डी खेळा, लंगडी खेळा, कोणी हटकायचं नाही. दोन टोकांना आंब्याच्या लाकडाचे खांब पुरले, चुन्याची फक्की मारली, की आमचं मैदान तयार.

त्या मातीवर पाऊल पडलं की ती किंचित दबायची. आवाज म्हणून व्हायचा नाही. सूर मारला तर कोपर खरचटायचं, त्यावर थुंकी लावायची आणि उठायचं. घामावर माती बसून तासाभरात सगळ्या मुली एकाच रंगाच्या व्हायच्या. नारपोलीहून येणारी, बापाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेली शबाना कोणती आणि गावातली दर्शना कोणती, ते लांबून कळायचं नाही. मी खुर्ची टाकून बसायचे, पण पाचव्या मिनिटाला उठून साडीचा पदर खोचलेला असायचा. मी स्वतः शाळेत असताना जिल्ह्याच्या स्पर्धेला जायची राहिले होते. का राहिले ती रडकथा सांगत नाही, सगळ्यांची असते तशीच आहे. पण ती माझ्या पोटात होती आणि शिट्टी वाजवताना बाहेर यायची.

दर्शना बाळारामदादांचीच मुलगी. उंच नव्हती, अंगानं काटक. पळायची ती इतरांसारखीच, पण वळायची अशी की पाठलाग करणारी मुलगी मैदानावरच्या तीन आडव्या पाट्या पुढे जाऊन थांबायची आणि मागे बघायची. आपण कुठे चुकलो ते तिला कळायचं नाही. दर्शना हसायची नाही की चिडवायची नाही. पुढच्या खोकडे डोळे लावून उभी राहायची. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून किती मुली गेल्या, पण असे पाय मी पुन्हा पाहिले नाहीत. हे मी कौतुकानं सांगत नाहीये.

त्यांच्या घरात मुलींचं शिक्षण दहावीपर्यंत. दादा काही वाईट माणूस नव्हते, घरात तसंच चालत आलं होतं. ती आठवीत असताना मी त्यांच्याकडे जाऊन बसले आणि ती पुढे शिकली पाहिजे, खेळली पाहिजे, असं बरंच बोलले. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"जिल्ह्याला गेली तर शिकवीन पुढं," ते म्हणाले. "शब्द दिला तुमाला. न्हाय गेली तर मंग तुमी मला काय बोलायचा न्हाय."

मी कबूल झाले. दर्शना दाराआड उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला सगळ्यांच्या आधी हजर असायची.

मग एका वर्षी त्या खाचरात लावणीच झाली नाही. ऐन पावसाळ्यात डंपर आले आणि मुरूम ओतून गेले. आजूबाजूला सगळीकडे तेच चाललं होतं. भाताच्या जागी भराव, भरावावर पत्र्याची गोदामं, आणि कालपर्यंत चिखलात उभे असणारे लोक एकाएकी शेठ झालेले. बाळारामदादांनाही लोक शेठ म्हणायला लागले, त्यांना ते अवघडल्यासारखं व्हायचं. त्या हिवाळ्यात आम्ही रस्त्याकडेच्या पट्टीवर सराव केला, ट्रक आला की खेळ थांबवायचा. उपान्त्य सामन्यात हरलो. दर्शना तेव्हा नववीत होती. एकच हिवाळा उरला होता.

त्या हिवाळ्याचं मला काय काय आठवतं! दिवाळीनंतरच्या पहिल्याच सोमवारी दादा शाळेत आले, हातात किल्ली घेऊन. नवा कोरा शर्ट, त्याची घडी अजून मोडलेली नव्हती.

"बाई, खाचरावरचा गोदाम बांधून झालाय. माल यायला अजून तीन-चार महिने हायेत. तंवर पोरींना तिथं खेलवा. मी बिल्डरशी बोललोय." आणि मग थोडं पुढे वाकून, मोठं गुपित सांगावं तसं, "मुंबैला पन असा ग्राउंड न्हाय, बाई."

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. ज्या माणसानं आमचं खळं विकलं होतं, तो त्याच्या बदल्यात दुप्पट मोठं काहीतरी द्यायला आला होता. त्यात कसलाही कावा नव्हता. त्याला मुलीचं भलं हवं होतं, मला हवं होतं, आणि आम्ही दोघं हसत हसत त्या गोदामाकडे चालत गेलो.

शटर वर गेलं आणि मुली ओरडल्याच. केवढी ती जागा! वर उंच पत्रे, मधेच प्रकाश येण्यासाठी बसवलेले पांढरे तुकडे, आणि खाली काँक्रीटची जमीन, मशिननं घोटून घोटून गुळगुळीत केलेली, खडा नाही, भेग नाही, खेकड्याचं बीळ नाही. शबानानं चपला भिरकावल्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत गेली. "बाई, इधर तो काटा भी नाही, ढेकूळ भी नाही! एकदम मस्त!" दादांनी गवंड्यांकडून रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट भरून त्यात खांब उभे करून घेतले होते, कारण खणायचं कुठे? रंगाऱ्यानं पिवळ्या ऑइलपेंटनं पाट्या आखून दिल्या. फक्कीची कटकट संपली. मला वाटलं, यंदा आमचं नशीब उघडलं.

मी बी.पी.एड. केलेली बाई. खो-खोचं मैदान मातीचं का असतं, यावर मी परीक्षेत पान भरून लिहिलं होतं आणि चांगले गुण घेतले होते. माती धक्का पोटात घेते, कठीण जमीन तो परत पायात पाठवते. पाठ होतं सगळं. त्या गुळगुळीत जमिनीवर उभी राहून मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी ते बाजूला सारलं असतं, हे आता कबूल करते. आवाजानं तरी जागं व्हायला हवं होतं. त्या गोदामात मुली पळायला लागल्या की पावलांचा फटफट आवाज वर पत्र्यापर्यंत जायचा. मला तो ऐकून स्फुरण चढायचं.

त्याच सुमाराला फिटनेस हा शब्द आमच्यापर्यंत पोचला होता. उन्हाळ्यात एका शिबिरात मी तो ऐकून आले होते. मुलांची उंची लिहा, वजन लिहा, दोरीवरच्या उड्या मोजा, दम मोजा. मी वही केली. सकाळी शाळेआधी पाचशे उड्या, संध्याकाळी पाचशे, मग सराव. पातळ तळव्याचे पांढरे कॅनव्हासचे बूट, तेही सगळ्यांकडे नव्हते. अनवाणी मुली बूटवाल्यांपेक्षा चपळ ठरायच्या म्हणून मी बूटवाल्यांनाही बूट काढायला लावले. मुलींचा दम खरोखर वाढला. वहीतले आकडे आठवड्याला चढत होते आणि मी ती वही मुख्याध्यापकांना दाखवून आले.

डिसेंबर लागला तेव्हा दर्शना माझ्यापाशी आली. "बाई, नडगीत दुखतय."

"कुठे?"

तिनं वाकून उजव्या नडगीवर एक बोट ठेवलं. एकच बोट, एकाच जागी. आज कुठल्याही मुलानं असं एका बोटानं दुखणं दाखवलं तर मी त्याला उभंही राहू देणार नाही. तेव्हा मी म्हणाले, "नवी मेहनत आहे, दुखणारच. अंग गरम झालं की थांबेल." आणि थांबलंही. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी. तिला माझं खरं वाटलं. चार दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा स्पर्धेला पंधरा दिवस राहिले होते आणि आदल्याच दिवशी दोन मुली तापानं घरी राहिल्या होत्या. माझं डोकं आधीच तापलेलं. सगळ्या मुली दोऱ्या हातात घेऊन उभ्या होत्या.

"दुखत असेल तर घरी बस," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "आईकडून भाकऱ्या थापायला शिक. नाहीतरी तेच करायचंय ना पुढे?"

तिला हे कुठे लागणार ते मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी तिथे मारलं. तिनं दोरी उचलली आणि उड्या मारायला लागली. त्यानंतर तिनं एकदाही दुखतंय म्हटलं नाही. मी विचारलं तर म्हणायची, "न्हाय बाई, कायच न्हाय."

मला दिसत नव्हतं असं नाही. ती शाळेचा जिना आडवी होऊन उतरायची, कठडा धरून. मधल्या सुट्टीत पाय लांब करून बसायची. तिच्या आईनं एकदा सांगितलं होतं की पोरगी रोज मिठाच्या गरम पाण्यात पाय घालून बसते. मी म्हटलं, चांगलं असतं ते. असं बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत. मुलांना कणखर करायचं म्हणजे त्यांचं ऐकायचं नाही, हे आम्हा पी.टी.वाल्यांच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की त्याला आम्ही शिस्त म्हणतो.

तालुक्याचा अंतिम सामना शहरातल्या एका मोठ्या शाळेच्या मैदानावर झाला, जिंकलो तर जिल्हा. तिथे माती होती, लाल, पाणी मारून दाबलेली. मैदानात उतरताना दर्शनानं वाकून तिला हात लावला आणि तो कपाळाला नेला. पहिल्या डावात तिला कोणी शिवू शकलं नाही. दुसऱ्या डावात आम्हाला फक्त टिकायचं होतं, आणि पळणाऱ्यांच्या शेवटच्या तुकडीत ती होती. मिनिटभराचाच खेळ राहिला असेल. ती दोन पाट्यांच्या मधून वळली आणि खाली बसली. पडली नाही, कुणाचा धक्का लागला नाही. उन्हातून चालून आलेलं माणूस बसतं तशी बसली.

मी रेषेबाहेरून ओरडले, "ऊठ! दर्शना, ऊठ!"

ती उठली. मी म्हटलं म्हणून उठली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि मग कोसळली. मागून येणाऱ्या मुलीनं तिला शिवलं आणि पंचांची शिट्टी वाजली. आम्ही एका गुणानं हरलो. त्या गुणाची आठवण झाली की मला स्वतःचा तिटकारा येतो, कारण तिच्याकडे धावत जाताना माझ्या मनात आधी तो गुण होता, आणि मग ती.

रिक्षातून धामणकर नाक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिनं माझा हात धरून ठेवला होता. नाक्यावर नेहमीसारखी गर्दी, तागे लादलेले टेम्पो, हॉर्न. प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं माझ्या हातात रुतायची. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हाड आज मोडलंय, पण चीर आजची नाही," ते म्हणाले. "दोन-तीन आठवडे तरी जुनी आहे. ही मुलगी धावत कशी होती?" मग माझ्याकडे वळून, "कुठे पळवत होता हिला? कठीण जमिनीवर?"

"मैदानावर," मी म्हणाले.

"मातीच्या?"

"हो."

दर्शना खाटेवर पडून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिनं डोळे वळवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली. मला वाचवायला ती गप्प राहिली, की बाई बोलतायत म्हणजे तसंच असेल असं तिला वाटलं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. जाताना सगळं ठरवून गेले होते. चूक माझी आहे, जमीन चुकीची होती, तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही, डॉक्टरांशी खोटं बोलले. रस्ताभर मी ही वाक्यं मनात म्हणत होते. नवीन बंगल्यात, चकचकीत लाद्यांच्या खोलीत ती बसली होती, मांडीपर्यंत प्लास्टर, पाय खुर्चीवर. तिच्या आईनं चहा आणला. दादा म्हणाले, "काय करायचा, बाई. पोरीचा हाडच कच्चा निघाला. दूध पीत न्हाय ना." मग म्हणाले, "तरी तुमी केवढी मेहनत घेतली. गोदामात प्रॅक्टिस तर झ्याक झाली व्हती." ते उठून बाहेर गेले आणि आम्ही दोघीच उरलो.

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. मान खाली घालून, प्लास्टरच्या कडेचे धागे उपटत.

"सॉरी, बाई. मी बसले म्हनून आपन हारलो."

तेव्हाच बोलायचं होतं. त्याहून सोपी वेळ आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. मी पुढे झाले, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे, बाळ. होतं असं." तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. मी तिला क्षमा केली होती! चहा पिऊन मी घरी आले.

प्लास्टर निघायला उन्हाळा लागला. पाय बारीक झाला होता आणि थोडा बाहेर वळलेला राहिला. दहावीचे पेपर तिनं पाय बाकावर ठेवून दिले. दादांनी दिलेला शब्द जिल्ह्याचा होता आणि जिल्हा तर झाला नव्हता. मीही ठरल्याप्रमाणे त्यांना काही बोलले नाही. फेब्रुवारीत गोदामात खोकी येऊन पडली होती. पिवळ्या पाट्या त्याखाली गेल्या. दोन-तीन वर्षांनी दर्शनाच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा मी आजारी असल्याचं सांगितलं.

त्यानंतरच्या मुलांना मी कधी जोरात पळवलं नाही. लोकांना वाटतं बाई वयानं मऊ झाल्या. मऊ कसली, मला भीती वाटते. आणि भीतीनं केलेल्या पी.टी.तून जे व्हायचं ते होतंच आहे, डोळ्यांसमोर ती मुलं धापा टाकतायत. एकीला मी तिचं न ऐकता मोडलं आणि ह्यांना मी बसून राहू देऊन मोडतेय. मधला रस्ता असेल कुठेतरी, पण तो दाखवायचा अधिकार मी गमावलाय असं मला वाटतं. यंदाचा कागद अजून टेबलावर पडून आहे, नावांच्या रकान्यात एकही नाव नाही.

गेल्या आठवड्यात नाक्यावर शेअर रिक्षाची वाट बघत उभी होते. मागून हाक आली, "बाई!" आताची मुलं मॅडम म्हणतात, मला बाई अशी हाक मारणारं कोण उरलंय म्हणून वळले. दर्शना. अंगानं भरलेली, उजव्या पायावर भार न देता उभी, आणि तिचा हात धरून नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. तिच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. उभ्या जागी ते स्वस्थ नव्हते.

"पाया पड बाईंच्या," दर्शना तिला म्हणाली. "ह्याच त्या. माज्यामुलं आमी फायनल हारलो तरी एका शब्दानं बोलल्या न्हाइत मला." आणि मग माझ्याकडे बघून, डोळे भरून आलेले, "बाई, हिला पलायचा नाद हाय. माजा तर राहिला. जूनला तुमच्या शाळेत घालते. तुमच्याच हाताखाली तयार होऊ दे."

ती मुलगी वाकली. तिचे तळहात माझ्या पावलांना लागले. भर गर्दीत, भर दुपारी, सांगायला मला कोणी अडवत नव्हतं.

मी म्हणाले, "पाठव."